विंटर टायर आहेत म्हणून लोअर केलेली गाडी बर्फात चालेल? नाही

गाडी लोअर करणाऱ्यांमध्ये दर हिवाळ्यात एक दावा फिरतो. गाडी खाली केली म्हणून बर्फात काढायला घाबरू नका, असा त्याचा सूर असतो. त्याची कारणंही ठरलेली असतात. विंटर टायर चांगले असले की उंचीचा प्रश्न उरत नाही. बर्फ मऊ असतो, खालून लागला तरी काही बिघडत नाही. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे उलट पकड वाढते. आणि कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) असतील तर बर्फ पडल्यावर गाडी वर घेता येतेच.

मी 40 मिमी खाली केलेल्या गाडीवर चार हिवाळे काढले आहेत. अशी गाडी मला मनापासून आवडते. म्हणूनच हा दावा वाचून कुणी नवखा माणूस भर बर्फात निघाला, तर ते मला बघवणार नाही.

टायरचा मुद्दा आधी घेतो, कारण तो अर्धा खरा आहे. साधारण 7 अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, विंटर टायरचं लवचिक राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसत्या 'एम प्लस एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या अक्षरांसाठी अशी चाचणी लागत नाही. रस्त्यावर दोन-तीन सेंटिमीटर बर्फ असेल, तर चांगल्या विंटर टायरवरची लोअर गाडी उन्हाळी टायरवरच्या उंच गाडीपेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही.

पण टायर किती पकडणार, हे त्याच्यावर भार किती आहे यावर ठरतं. बर्फ गाडीच्या पोटापेक्षा उंच झाला की गाडी त्यावर चढते आणि जे वजन चाकांवर असायला हवं ते पोटावर जातं. भारच गेला, तर टायर कितीही महाग असो, जागच्या जागी फिरतो. आता हिशेब बघा. साध्या सेडानचं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि पोट यांमधली जागा, 140-150 मिमीच्या आसपास असतं. त्यातून 40 गेले. चार माणसं आणि सामान चढलं की आणखी 20-30 जातात. उरतात 80 मिमी, म्हणजे आडवी धरलेली चार बोटं.

यावर उत्तर येतं की साफ केलेल्या रस्त्यावर एवढा बर्फ नसतोच. सरासरीने नसतो, हे खरं. पण गाडी अडते ती सरासरीवर अडत नाही. आधी गेलेल्या गाड्यांची चाकोरी पडते आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे बर्फाचा वरंबा उभा राहतो. उंच गाड्या तो पायांमध्ये घेऊन जातात, आपल्या गाडीचं पोट मात्र त्यावरच येतं. आणि बर्फ हटवणारी गाडी मुख्य रस्ता साफ करून गेली की गल्लीच्या तोंडाशी दुसरा वरंबा टाकून जाते.

अशाच एका वरंब्यावर मी अडकलो होतो. टायर त्याच वर्षीचे, नक्षी 8 मिमी खोल. पहाटे टॉर्च घेऊन पोटावर झोपून खाली पाहिलं, तर इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरला बर्फ गिलाव्यासारखा चिकटला होता. इतका दाबला गेला होता की कव्हरवरच्या बारीक रेघा त्यात जशाच्या तशा उमटल्या होत्या. पुढचं डावं चाक हाताने ढकललं, तर ते जवळजवळ मोकळं फिरत होतं. टायरमध्ये काहीच खोट नव्हती, त्याला रस्त्यावर दाबणारं वजनच उरलं नव्हतं. फावड्याने दोन्ही बाजूंनी पोटाखालचा बर्फ ओढून काढायला सव्वा तास लागला.

त्यामुळे 'बर्फ मऊ असतो' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 100 किलो भरतो. बसलेला, दबलेला बर्फ 300 किलोपर्यंत जातो. पोट दीड मीटर रुंद आहे आणि बर्फ त्याच्या पातळीपेक्षा फक्त 5 सेंटिमीटर वर आहे असं धरा. दर मीटरला ताज्या बर्फाचे साडेसात किलो आणि दबलेल्याचे बावीस किलो तुम्ही पुढे ढकलता किंवा पोटाखाली दाबता. दहा मीटरमध्ये हाच आकडा 75 ते 225 किलो होतो. वरंबा रात्रभर गोठला तर मऊपणाचा प्रश्नच राहत नाही. थंडीत बंपरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, बंपरखाली लावलेली फायबरची पट्टी, म्हणजे लिप, तर लगेच तडकते. खालचं कव्हर सूपासारखं बर्फ भरून घेतं आणि क्लिपांसकट उखडतं. त्याच्यामागे असतो चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं. अॅल्युमिनियमच्या चेंबरला गोठलेलं ढेकूळ लागलं आणि चीर गेली, तर ऑइल गळून जातं, आणि ऑइलचा दिवा लागल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही तर इंजिनही जातं.

व्हील आर्चचं, म्हणजे चाकावरच्या कमानीचंही तेच. टायर आणि आर्चमध्ये दोन बोटं जागा असेल, तर रस्त्यावरचा चिखल-बर्फ तिथे भरतो, रात्री गोठतो आणि सकाळी स्टिअरिंग पूर्ण वळत नाही. चढावर टायरला साखळ्या लावायची वेळ आली तर बऱ्याचदा त्यांना जागाच नसते.

एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून सांगतो. खाली केलेल्या गाडीच्या सायलेन्सरचं तोंडही तेवढंच खाली येतं. गाडी बर्फात रुतली आणि ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून आत बसलात, तर ते तोंड बुजून कार्बन मोनॉक्साइड गाडीत येऊ शकतो. त्याला ना वास, ना रंग. आधी उतरून मागचा बर्फ काढा, मगच इंजिन सुरू करा. पुन्हा बर्फ पडत असेल तर दर थोड्या वेळाने तपासत राहा.

गुरुत्वमध्याचा मुद्दा ऐकायला शास्त्रीय वाटतो, पण कोरड्या रस्त्यावरचं गणित तो बर्फावर नेऊन ठेवतो. दीड मीटर ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) आणि 54 सेंटिमीटरवर गुरुत्वमध्य असलेली गाडी उलटवायला तिच्या वजनाच्या साधारण 1.4 पट आडवा जोर लागतो. 4 सेंटिमीटर खाली केली तर 1.5 पट. दबलेल्या बर्फावर टायर मुळात 0.2-0.3 पट जोर देतात, निसरड्या बर्फावर 0.1 किंवा त्याहूनही कमी. म्हणजे गाडी कलंडायच्या कितीतरी आधी घसरते, आणि घसरणं रोखायला ते 4 सेंटिमीटर जवळजवळ काहीच करत नाहीत. उलट कडक स्प्रिंग आणि कमी ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायला असलेली जागा) नुकसानच करतात. गोठलेल्या खाचखळग्यांवर सस्पेन्शन बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्याला टेकतं, चाक क्षणभर उडतं आणि होती नव्हती ती पकडही सुटते. स्वीडनच्या बर्फावरच्या रॅलीत गाड्या डांबरी रॅलीपेक्षा उंच ठेवतात आणि टायर अरुंद, खिळ्यांचे लावतात, ते उगाच नव्हे.

राहिला कॉइलओव्हर. नवा असताना तो खरंच वर घेता येतो. पण रस्त्यावर टाकलेलं मीठ एका हिवाळ्यातच आट्यांमध्ये शिरतं आणि उंची ठरवणारी फिरती कडी, म्हणजे कॉलर, जाम होऊ शकते. माझी एक कॉलर पाना लावून, तेल सोडून, तापवूनही हलली नव्हती. हलली तरी उंची बदलली की टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, बदलतात; म्हणजे ते पुन्हा जुळवणं, अलाइनमेंट, आलं. हेडलाइटचा झोत पुन्हा लावणं आलं. बर्फ पडल्यावर रस्त्याच्या कडेला करायचं हे काम नव्हे. एअर सस्पेन्शनवाल्यांनी (ज्यांची गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी असते) हवेच्या टाकीत साचलेलं पाणी थंडीआधी काढलं नाही, तर व्हॉल्व्हमध्ये ते गोठतं आणि गाडी आहे त्या उंचीवर अडकते.

मी आता थंडी सुरू व्हायच्या आधी मूळ स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर परत बसवतो, अलाइनमेंट करून घेतो आणि डिकीत फावडं ठेवतो. मग चार माणसं बसवून, पट्टी घेऊन खाली झोपतो आणि सगळ्यात खालच्या जागेचं माप घेतो. गेल्या खेपेला ते 118 मिमी आलं. लोअर असताना त्याच जागी 79 होतं. पहिला जोराचा बर्फ पडल्यावर मी तीच पट्टी घेऊन गल्लीच्या तोंडाशी जातो आणि वरंबा मोजतो. तो 118 च्या वर असेल, तर गाडी काढण्याआधी फावडं काढतो.