"जरा हळू वाजव" म्हणे!

पुढच्या वेळी जो कोणी मला "अगं, जरा हळू वाजव ना" म्हणेल, त्याच्या हातात मी ओकारिना देणार आहे. घ्या काका, तुम्हीच वाजवा हळू. आणि सुरात वाजवा, बरं का. बेसूर हळू तर मलाही वाजवता येतं.

हे वाद्य हळू वाजतच नाही हो! ओकारिना म्हणजे मातीचं, रताळ्यासारखं दिसणारं पोकळ भांडं, त्याला एक फुंकायची फट आणि बोटांसाठी भोकं. माझीला बारा आहेत. बासरीत कुठलं भोक उघडलं यावर सूर ठरतो, कारण आतल्या हवेच्या नळीची लांबी बदलते. इथे लांबीबिंबीचा संबंध नाही. सगळी भोकं मिळून किती जागा उघडी राहिली, यावर सूर ठरतो आणि उरलेला कारभार फुंकेचा. फुंक वाढवली की सूर चढतो, कमी केली की उतरतो. बासरीवाला ओठ जरासा फिरवून हे सावरून घेतो. ओकारिनाची फट बनवणाऱ्याने एकदा कापली की कापली, ओठांना तिथे काही कामच नाही. म्हणून प्रत्येक सुराचा आवाज आधीच ठरलेला असतो. खालचे सूर मऊ, वरचे दणदणीत. खालच्या मजल्यावर कोणी झोपलंय म्हणून मी वरचा रे हळू फुंकला, तर तो रे राहतच नाही. सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा डावीकडे जाऊन लोळतो.

"मग बोटं किंचित उचल, सूर वर येईल," हा सल्लाही ऐकून झालाय. येतो ना, खालच्या सुरांना येतो. सगळ्यात वरच्या म ला बाराच्या बारा भोकं आधीच उघडी असतात. तिथे काय उचलू? नख?

आणि या ओकारिनाचं वेड मला लावलं कोणी, तर 'ओकारिना ऑफ टाइम'ने. १९९८ चा झेल्डाचा व्हिडिओ गेम. त्यातला पोरगा पाच बटणं दाबतो, पाच सूर निघतात. पेटीची पांढरी एक पट्टी सा धरली तर रे, म, ध, नी आणि वरचा रे. बस. एवढ्यात संगीतकार कोजी कोंडोने गेममधल्या ओकारिनाच्या धुना बसवल्या. म-ध-नी दोनदा, झालं सारियाचं गाणं. नी, वरचा रे, ध दोनदा, झाली झेल्डाची अंगाई. मध्यरात्री गावात उभा राहून वाजवतो कार्टा, एक खिडकी उघडत नाही. कोणी विचारत नाही, घरात मोठी माणसं आहेत की नाहीत. त्या गावातल्या पवनचक्कीत ना सोसायटीचा सेक्रेटरी राहतो, ना सेक्रेटरीची सासू.

त्यातलं वादळाचं गाणं मला सगळ्यात जास्त आवडतं. रे, म, वरचा रे, आणि पुन्हा तेच. गेममध्ये ते वाजवलं की धो धो पाऊस पडतो. कर्वेनगरात ते वाजवलं की बेल वाजते. पहिले दोन सूर कोणाला ऐकूसुद्धा जात नाहीत, तिसरा थेट पार्किंगमध्ये पोहोचतो. दर तिसरा सूर असा! बाहेर ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी राहून राहून किंचाळतंय.

मारिओचं तर विचारूच नका. १९८५ ची धून, तीही कोंडोचीच. लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटवर ती ऐकून अर्धं पुणं मोठं झालंय, आणि तीच मंडळी आता विचारतात, हा कसला आवाज? मूळ पट्टीत ती वाजवायला खालचा प लागतो, त्याखालचा गसुद्धा. ओकारिना खालच्या ध वर संपते. मग अख्खी धून वर न्यायची, म्हणजे सा चा म करायचा. बसते, अगदी मापात बसते, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत. पण मधल्या भागात मूळ धुनेत वरचा सा तीन वेळा ठोकलाय, त्याचा झाला वरचा म. म्हणजे सगळी भोकं उघडी, हनुवटी छातीकडे ओढलेली, कारण त्याशिवाय तो सूर नुसता फुसफुसतो, वाद्य जेमतेम तळहातांवर तोललेलं, आणि पूर्ण छातीची फुंक. तीन वेळा. हे मी हळू करू? कसं?

या वाद्यावर मूळ पट्टीतच नीट बसणारी माझ्या माहितीतली धून म्हणजे टेट्रिसची, निदान तिचा पहिला भाग. खालच्या ध पासून मधल्या ध पर्यंत, किंचाळी कुठेच नाही. मूळचं ते रशियन लोकगीत, कोरोबेनिकी. म्हणून दोन आठवडे मी सभ्यपणे फक्त तेच वाजवलं. तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "बी विंगमध्ये कोणीतरी सतत एकच शिट्टी वाजवत आहे. पालकांनी कृपया मुलांना समज द्यावी." मुलांना! मी चौतीस वर्षांची आहे. घराचा हप्ता भरते. खाली अकरा अंगठे. त्यातला एक अंगठा अशा घरातला, जिथे सकाळी साडेसहाला कुकरच्या सात शिट्ट्या होतात आणि त्याही एका पट्टीत नसतात.

मग सल्ल्यांचा पाऊस. बाथरूममध्ये वाजव. वाजवलं. डक्टमधून सहाही मजल्यांना एकदम पोहोचलं. आत कापड कोंब. अहो, आतली हवा हेच ते वाद्य आहे, कापड कोंबल्यावर उरलं काय? टेकडीवर जा. गेले, वेताळ टेकडीवर, भल्या पहाटे. तिथे वारा. समोरून वारा आला की फटीतली फुंक फाटते आणि सूरच निघत नाही. पाठ फिरवून बसले तर फिरायला येणारे आजोबा समोर येऊन थांबले. "रताळं खाताय की वाजवताय?" असं विचारून, उत्तर न ऐकता, पुढे बासरी शिकण्याविषयी दहा मिनिटं बोलले. पन्नालाल घोषांपासून सुरुवात केली. अहो, मला बासरी येत नाही म्हणून मी हे घेतलेलं नाही! यमन कुठल्या वाद्यावर वाजवावा असं मी कोणाला विचारलं होतं का? मला मारिओ वाजवायचाय!

व्हिडिओवाल्यांवर तर माझा खास राग आहे. "अगदी सोपं, पाच मिनिटांत शिका." मागे धबधबा, आवाजाला घुमारा, चेहऱ्यावर बुद्धासारखं हसू. त्यांची ओकारिना मऊ वाटते, कारण माझ्या हेडफोनचा आवाज मी कमी करू शकते. तसं बटण मातीला नसतं, एवढं एक वाक्य कोणाच्या तोंडून निघत नाही.

लोक म्हणतात, बास ओकारिना घे, एक सप्तक खाली वाजते, कानाला बोचत नाही. वाजत असेल. पण ती केवढी मोठी, भोकं केवढी लांब लांब, माझी करंगळी पोहोचायला हवी ना! आणि पैसे ग्रुपवर वर्गणी काढून देणार आहात का?

बरं, आवाजाचा एवढा तिटकारा असलेली ही माणसं गणपतीच्या आधी दोन महिने राजाराम पुलाकडून येणारे ढोल-ताशे रोज संध्याकाळी ऐकतात. काचा थरथरतात. काका गॅलरीत येऊन मान डोलावतात, "यंदा पथक छान बसलंय हो." मलाही ढोल आवडतो, ते सोडा. पण शंभर ढोल छान बसतात आणि माझा एक म बसत नाही?

ठरलंय माझं. यंदा सराव सुरू झाला की मी खिडकी सताड उघडणार आणि मारिओ वाजवणार. मधल्या भागासकट, तिन्ही म पूर्ण छातीने. टाका मग मेसेज ग्रुपवर. आणि या वेळी पालकांना समज द्यायची असेल तर माझी आई तळेगावला असते, तिला फोन करा. तिला मारिओ आवडतो.