दुधाच्या पिशवीतली बाळंतीण

परवा सकाळी काकांनी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर ‘जसा आला तसा’ असं लिहिलं होतं, म्हणजे न वाचता. माझी भाची त्या ग्रुपवर आहे. हिंजवडीत नोकरी करते, सातवा लागलाय, पुढच्या महिन्यात रजेचा अर्ज द्यायचाय. रात्री तिचा फोन आला. “मावशी, खरंच असं असतं का गं? माझ्या रजेमुळे महागाई?” आवाज चेष्टेचा होता, पण पूर्ण नाही.

म्हणून हे लिहिते आहे. मी अर्थतज्ज्ञ वगैरे नाही. भोसरीत लहान कारखान्यांची पगारपत्रकं करते आणि दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पीएफची (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआयची (कामगारांचा सरकारी विमा) चलनं भरते. या मेसेजमधला पैसा रोज माझ्या हाताखालून जातो, एवढाच माझा अधिकार.

मेसेज असा: “बाळंतपणाच्या रजेसाठी कंपन्यांवर कर म्हणजे तुमच्या खिशावर दरोडा! (१) कंपनी कर भरत नाही, गिऱ्हाईक भरतं. दुधाची पिशवी २ रुपयांनी महागली ती यामुळेच. (२) युरोपात हेच केलं, म्हणून तिथे सगळं महाग. (३) आता बापालाही सुट्टी हवीय! (४) आपल्या आज्या शेतात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागायच्या. (५) शहाण्या मालकाने लग्नाळू मुली कामाला घेऊच नयेत, महागाई आपोआप आटोक्यात येईल. जागो ग्राहक!” शेवटी तिरंगा आणि हात जोडलेले.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेसाठी कंपन्यांवर असा कुठला कर नाहीच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली. त्या २६ आठवड्यांचा पगार थेट तिचा मालक देतो, स्वतःच्या गल्ल्यातून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी भार मालकावरच राहिला. अपवाद ईएसआयचा. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांचे २६ आठवडे ईएसआय महामंडळ देतं आणि त्यासाठी मालक वर्गणी भरतो. ‘कर’ म्हणण्यासारखं काही असेल तर ते हेच. म्हणून हिशेब त्याचाच करू.

आता ती दुधाची पिशवी. तिच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळा मेसेज तिच्यावरच उभा आहे.

अर्ध्या लिटरची पिशवी ३० रुपयांची धरा. अमूल स्वतः वर्षानुवर्षं सांगत आलंय की गिऱ्हाइकाच्या रुपयातले साधारण ८० पैसे दूध उत्पादकाला जातात. म्हणजे ३० मधले २४ रुपये गोठ्याकडे गेले. उरले ६. त्यात शीतकरण, प्लास्टिक, टँकरचं डिझेल, वीज, दुकानदाराचं कमिशन आणि कामगारांचे पगार. माझं मन मोठं आहे, मी सगळेच्या सगळे ६ रुपये पगार धरते. त्यावर बाळंतपणासाठी १ टक्का वर्गणी लावली आणि डेअरीनं ती पैन् पै गिऱ्हाइकाकडून वसूल केली, तर पिशवीमागे ६ पैसे होतात. पिशवी २ रुपयांनी महागायची तर पगारावर ३३ टक्के वर्गणी लावावी लागेल, आणि तेही दूध प्लास्टिकशिवाय, डिझेलशिवाय तुमच्या दारात चालत आलं असं मानून. काका, तुम्ही बँकेत होतात. हा हिशेब तुम्हाला चहा गाळेपर्यंत झाला असता.

आणखी एक. त्या २४ रुपयांचं दूध काढतं कोण? पहाटे उठून शेण काढणारी, वैरण टाकणारी, धारेला बसणारी बाई. तिला रजा नाही, २६ आठवडे नाहीत, २६ दिवसही नाहीत. जिला रजा माहीतच नाही तिचं दूध दुसऱ्या कुणाच्या रजेमुळे महागलं, असं म्हणायला एक वेगळीच छाती लागते.

याची उलटतपासणीही झालेली आहे, फारशी कुणाच्या लक्षात न येता. १ जुलै २०१९ ला सरकारनं ईएसआयची वर्गणी कमी केली. मालकाचा वाटा ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ वर आला, कामगाराचा १.७५ वरून ०.७५ वर. २०,००० पगाराच्या माणसामागे मालक ९५० भरत होता, तो ६५० भरायला लागला. महिन्याला माणशी ३०० रुपये वाचले. मी त्या महिन्यात चलनं करताना आकडे दोनदा तपासले होते. तर मग, जुलै २०१९ मध्ये काय स्वस्त झालं? बिस्किटाचा पुडा? साबण? एका शेठनं तेव्हा मला पेढे दिले होते, तेवढेच. यावरून मोठा सिद्धांत निघत नाही, हे मलाही कळतं; स्टीलचे भाव, डिझेल, जीएसटी यांच्या खालीवर होण्यात तो दीड टक्का दिसलाच नसता. पण तेच तर म्हणणं आहे. कमी होताना जो दिसत नाही, तो वाढताना तुमच्या पिशवीत कसा दिसला? आणि त्या ३.२५ टक्क्यांत बाळंतपण एकटं नाही. दवाखाना, आजारपणाची रजा, कारखान्यात बोट गेलं तर त्याची भरपाई, कामावरच्या अपघातात कामगार गेला तर बायकोमुलांचं पेन्शन, सगळं त्यातच.

बरं, ‘गिऱ्हाईक भरतं’ हे ज्यानं लिहिलं तो भोसरीत कधी आलेला नाही. माझे निम्मे शेठ मोठ्या गाडी कंपन्यांना जॉबवर्क करून देतात. रेट पर्चेस ऑर्डरवर छापलेला असतो. तो वाढवून मागायला गेलं की साहेब उलट विचारतो, यंदा किती कमी करताय? तिथे ईएसआय वाढला तर शेठ स्वतःचा नफा कापतो, नाहीतर पोरांची पगारवाढ सहा महिने पुढे ढकलतो. गिऱ्हाईक हा शब्द त्या साखळीत फार लांब उभा असतो.

आता जे खरं आहे ते कबूल करते, नाइलाजानं. ‘कंपनी कर भरत नाही’ यात अर्धं सत्य आहे. कंपनी म्हणजे एक कागद. पैसा शेवटी माणसांच्याच खिशातून येतो: मालकाच्या, कामगाराच्या किंवा गिऱ्हाइकाच्या. आणि वर्गणी सगळ्यांना सारखी लागली, तर एकट्या मालकावर पडलेल्या खर्चापेक्षा ती गिऱ्हाइकावर ढकलणं सोपं जातं, कारण शेजारच्या दुकानदारालाही तीच लागलेली असते. ब्यूटी पार्लर, पाळणाघर, खासगी शाळा, नर्सिंग होम इथे खर्चातला निम्मा-अधिक भाग पगार असतो, तिथे थोडं वाढेलही. निम्मा धरला तर १ टक्का वर्गणीमागे १०० रुपयांवर ५० पैसे. वाढेल. नाही म्हणत नाही.

पण यापेक्षा महत्त्वाचं असं, की हा खर्च जास्त करून किमतीत जातच नाही. तो पगारात जातो. यावर जोनाथन ग्रूबर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा १९९४ चा एक गाजलेला अभ्यास आहे, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधला. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी, आणि १९७८ मध्ये केंद्रीय कायद्यानं, नोकरीतल्या आरोग्यविम्यात बाळंतपणाचा खर्च इतर आजारांसारखाच धरायला लावला. मालकांचा खर्च वाढला. ग्रूबरनं शोधलं की तो कुठे गेला. तो बव्हंशी गेला मूल होण्याच्या वयातल्या विवाहित स्त्रियांच्या पगारात, म्हणजे त्यांचे पगार तेवढे कमी राहिले. त्यांचं काम फारसं घटलं नाही. ती गोष्ट विम्याची होती, रजेची नव्हे, पण वाट तीच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काही आनंद झाला नाही. मेसेजमधला ‘लुटला गेलेला ग्राहक’ तिथे सापडत नाही, सापडते ती बाईच. स्वतःच्या रजेचे पैसे ती बऱ्याच प्रमाणात आधीच भरून बसलेली असते.

दुसरा मुद्दा, युरोप. स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवस मिळतात. त्यासाठी मालक पगारावर वेगळी वर्गणी भरतात. ती अनेक वर्षं २.६० टक्के होती. ही वर्गणी चालू असतानाच २०१४-१५ च्या सुमारास तिथली महागाई जवळजवळ शून्यावर होती, इतकी की त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर शून्याच्या खाली नेला. म्हणजे महागाई वाढत नाही म्हणून बँक हवालदिल. पुढे.

तिसरा, बापाची सुट्टी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायद्यानं एकही दिवस नाही, कंपनी देईल ते खरं. ज्या सुट्टीचा कायदाच नाही तिनं महागाई वाढवली म्हणे.

चौथा, आज्या. काका, तुमचीच आई सांगायची की तिची दोन मुलं गेली, आणि त्यातलं एक कशानं गेलं ते आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्यावर हा मुद्दा मी सोडते. फक्त एक जोडते, कारण मेसेजचा सूर असा आहे की हे रजेचं खूळ बाहेरून आलं. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं बिल चर्चेला आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून याचा बराचसा भार सरकारनं उचलायला हवा हे आपल्याला मान्य आहे, असं त्यांनी सांगितलं; पण तोवर मालकाची सुटका होते असं नाही. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. ‘पैसे कोणी द्यायचे’ हा वाद आपल्याकडे शंभरीला आलाय.

आणि आता पाचवा. मला खरा राग याचा आला. ‘लग्नाळू मुली घेऊच नयेत.’

हे कुणा बुवानं बसून रचलेलं वाक्य नाही, मी ते केबिनमध्ये ऐकते. मराठीत, हिंदीत, कधी नुसत्या भुवयांनी. मुलगी हुशार आहे, सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं) सेटिंग जमतं, पण ‘मॅडम, तिचं लग्न ठरलंय का बघा ना’. भाचीला आताच्या नोकरीआधी एका ठिकाणी मुलाखतीत सरळ विचारलं होतं, पुढच्या दोन वर्षांत काय प्लॅनिंग आहे? तिथे तिची निवड झाली नाही.

शेठ लोकांना मी नुसत्या शिव्या घालणार नाही, कारण त्यांचा हिशेब मला ठाऊक आहे. दहा माणसांचं वर्कशॉप. त्यात हिशेब सांभाळणारी एक मुलगी, पगार ३०,०००, म्हणजे ईएसआयच्या बाहेर. २६ आठवडे म्हणजे साधारण १,८०,००० रुपये, एकरकमी नाही पण एकाच वर्षात, एकाच गल्ल्यातून. वर तिच्या जागी बदली माणूस, त्याचा पगार वेगळा. शेजारच्या गाळ्यात दहाही पुरुष असतील तर त्याला शून्य. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वर्षभरानं टीमलीज या मनुष्यबळ कंपनीनं अंदाज वर्तवला होता की, या एकट्या मालकावरच्या भारामुळे ११ ते १८ लाख बायकांच्या नोकऱ्या जाऊ शकतात. तो अंदाज होता, मोजणी नव्हे. पण भीती कुठून येते ते त्यातून कळतं. त्याच वर्षी केंद्रीय कामगार मंत्रालयानं १५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बायकांच्या रजेतले सात आठवडे मालकांना परत देण्याच्या योजनेवर काम चालू असल्याचं जाहीर केलं, खर्चाचा अंदाज ४०० कोटी. माझ्या एकाही शेठनं त्यातला रुपया पाहिलेला नाही.

ईएसआयमध्ये हे होत नाही. तिथे वर्गणी पुरुष कामगारामागेही तेवढीच आणि बाईमागेही तेवढीच. शेठनं दहाही पुरुष ठेवले तरी एक रुपया वाचत नाही. त्यामुळे २१,००० च्या आतल्या पोरीच्या बाळंतपणाबद्दल मला केबिनमध्ये कधी प्रश्न आलेला नाही, ३०,००० वालीबद्दल येतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात लिहिलंय की हा पैसा सक्तीच्या सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा, एकट्या मालकाच्या खिशावर पडू नये, आणि हे बायकांचं नोकरीतलं स्थान जपण्यासाठी. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही.

म्हणजे मेसेज ज्या वर्गणीला दरोडा म्हणतो, तीच नसल्यामुळे लग्नाळू मुली नकोशा होतात. खर्च तर होणारच, मूल काही जीएसटी बघून जन्माला येत नाही. सगळ्यांनी मिळून ६-६ पैसे द्यायचे, की दहा माणसांच्या एका वर्कशॉपनं १,८०,००० द्यायचे आणि पुढच्या वेळी मुलीचा अर्ज बाजूला ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

काका, वहिनी केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. त्यांनी १८० दिवस रजा घेतली होती, भर पगारी. मिळायलाच हवी होती. ते पैसे आम्ही सगळ्यांनी दिले, करातून. तेव्हा तुम्ही ग्रुपवर बाळाचे फोटो टाकत होतात, दुधाच्या पिशवीचा नाही.

भाची ग्रुपमधून बाहेर पडलेली नाही, म्यूट केलंय. डोहाळजेवणाची तारीख तिनं मला वेगळ्या मेसेजवर कळवली. तुम्हाला आलीय का, बघा.