एकसष्टावं लेकरू सांभाळा

अभिनंदन, गुरुजी. आदेश हातात पडला, डीएड सार्थकी लागलं. आता तीन वर्षं महिन्याला १६,००० रुपयांवर तुम्ही शिक्षणसेवक. बीड जिल्ह्यातली आडबाजूची दोनशिक्षकी शाळा मिळाली म्हणून तोंड पाडू नका. फक्त रुजू होण्याआधी मुलं वगैरे डोक्यातून काढून टाका. शाळा चालते ती पटावर.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे, ती आरतीसारखी पाठ करा. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं आलं की तीन. (पुढे शासन निर्णयांनी ही रेघ सरकवली. आकडा बदलला तरी पूजेचा विधी तोच.) म्हणजे साठ लेकरं नुसती शिकतात, एकसष्टावं लेकरू पद आणतं. साठांपैकी कुणाचं नाक वाहत असलं तर वाहू द्या. एकसष्टाव्याचं स्वतःच्या रुमालानं पुसा. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं, ते ठरतं, तोवर त्याला ताप येणंसुद्धा परवडणारं नाही.

हे लेकरू सापडतं मे महिन्यात, दारोदार फिरून. तुम्ही टोपी घालून पायी, आणि समोरून धूळ उडवत पिवळी व्हॅन, तिच्यावर इंग्लिश मीडियमचा फलक. व्हॅनवाला हात करील, तुम्हीही करा; धंदेवाल्यांनी एकमेकांशी गोडच राहावं. त्या व्हॅनमध्ये सरपंचाचा नातू बसलेला असेल. तो तुम्हाला दिसत नाही. कारण पुढे तुम्ही कायम झालात की घरभाडे भत्त्यासाठी 'गुरुजी गावातच राहतात' असा ग्रामसभेचा ठराव लागेल, आणि तुम्ही रोज तालुक्याहून मोटारसायकलवर येता ते सरपंचाला दिसत नाही. गावगाडा अशा न दिसण्यावरच सुरळीत चालतो. तुमचं स्वतःचं पोरगं तालुक्याला कुठल्या शाळेत जातं, हेही मग कुणी विचारत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीला घाबरू नका. कायद्यानं तिच्यात पाऊण पालक आणि निम्म्या महिला. अध्यक्ष बाई असतील तर सही त्यांची घ्या, खुर्ची मालकांना द्या. बाई शेतातून येतात, दारातच चप्पल काढतात, रजिस्टर मांडीवर घेऊन अक्षर अक्षर जुळवत नाव लिहितात आणि खुरपं उचलून परत जातात. मालक दोन कप चहा पिऊन शाळेच्या भवितव्यावर बोलतात. इतिवृत्तात दोघांचंही योगदान 'सविस्तर चर्चा झाली' असं येतं.

शिकवायला वेळ कधी मिळणार, हा प्रश्न उमेदवारांना पडतो, नेमणूक झालेल्यांना पडत नाही. कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये. वाचून आनंद घ्या. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा मेसेज येईल: 'अत्यंत तातडीचे, आज चारपर्यंत माहिती सादर करावी'. ही माहिती तुम्ही मागच्याच आठवड्यात दिलेली असते. तीच पुन्हा द्या, निरोपाखाली फक्त 'ओके सर' लिहा. आणि 'निरंक', म्हणजे 'सांगण्यासारखं काही नाही', हा शब्द शिकून घ्या. अर्धं प्रशासन त्यावर उभं आहे.

आता खरी मालकीण. मुख्याध्यापक नव्हे, गटशिक्षणाधिकारीही नव्हे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. पहिली ते पाचवीला दर डोई १०० ग्रॅम तांदूळ. सकाळी मावशी पदर खोचून वर्गाच्या दारात उभ्या राहतात, ओठ हलवत नजरेनं डोकी मोजतात आणि तेवढाच तांदूळ धुवायला घेतात. तुमच्या हजेरीत ५४, त्यांच्या पातेल्यात ४१. शाळेतला एकमेव खरा आकडा त्या पातेल्यात शिजत असतो. मावशींशी कधी भांडू नका. चवीच्या नोंदवहीत आठवडाभराचं 'चव उत्तम' सोमवारीच लिहून टाकायची पद्धत आहे, पण एकदा खरंच चाखून बघा. उत्तमच असते.

राहिलं एकसष्टावं. बहुतेक ती मुलगी असेल, तिसरीतली, आईबाप ऊसतोडीला जाणारे. सप्टेंबरात तिला पहिल्या रांगेत बसवा. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येईल, कोयता निघेल कोल्हापूर-सांगलीकडे, आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही निघेल. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून बापाला एकदा सांगा, सांगितल्याची नोंद करा. बाप म्हणेल, "ही हितं राहिली तर कोपीवर बारकं कोण बघंल, गुरुजी?" या रकान्यात 'निरंक' भरता येत नाही. तेव्हा विषय बदला.

नाव कमी मात्र करू नका. संचमान्यता झाली असली तरी पुढचं वर्ष आहेच. हिवाळाभर तिच्या नावापुढे निळ्या शाईनं शांतपणे हजेरी लावत जा.

पाडव्याच्या आसपास ती परत येईल, उंची वाढलेली, केस कापलेले, पाचटानं दोन्ही हात ओरखडलेले. सवयीनं पहिल्या रांगेत जाऊन बसेल. तुम्ही तिचं नाव पुकाराल आणि ती उभी राहून मोठ्यानं म्हणेल, "हजर गुरुजी!" तेव्हा मान खाली घालून लिहीत राहा. दारात मावशी मोजत असतील.