निकाल आधी, नियम नंतर

गोल्फ क्लबच्या सर्वसाधारण सभेत स्पर्धा समितीच्या सचिवपदासाठी नावे सुचवण्याची विनंती अध्यक्षांनी केली, नेमके त्याच क्षणी आपण फोन घेण्यासाठी सभागृहाबाहेर गेलात आणि परतलात तेव्हा एकमताने निवडून आला होतात, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. आता वर्षभर आपल्याला स्पर्धा भरवायच्या आहेत, त्या न्याय्य असाव्यात असा प्रत्येक सभासदाचा आग्रह असणार आहे, आणि ‘न्याय्य’ या शब्दाचा प्रत्येकाच्या मनातील अर्थ ‘मी पहिल्या तिघांत’ एवढाच असणार आहे. अशा वेळी अनुभवी सचिवांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली एकच रीत आपल्याला तारू शकेल. पहिला चेंडू उडण्यापूर्वी काहीही ठरवू नये. जे ठरवायचे ते स्कोअरकार्डे हातात आल्यावर, नावे वाचून, शांतपणे ठरवावे.

या रीतीला इतिहासाचाही थोडाफार आधार सापडतो. १७४४ साली एडिंबरो शहराने ठेवलेल्या चांदीच्या गोल्फस्टिकसाठी लीथच्या मैदानावर स्पर्धा झाली, तेव्हा तिथल्या मंडळींनी खेळापूर्वीच तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लिखित नियम. पहिल्या फटक्याआधीच स्वतःचे हात बांधून घेण्याचा हा उतावीळपणा आपण विसरून जावा. मात्र त्याच स्पर्धेतील दुसरी तरतूद अवश्य उचलावी: जो जिंकेल तो गोल्फचा कॅप्टन, आणि खेळासंबंधीचे तंटे पुढे त्यानेच मिटवायचे. त्या वर्षी जॉन रॅट्रे नावाचे शल्यविशारद जिंकले आणि विजयाबरोबर न्यायासनही घेऊन गेले. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे तत्त्व इतक्या सुबक रीतीने अमलात आणलेले अन्यत्र क्वचितच दिसते.

प्रारंभ स्पर्धेच्या सूचनापत्रकापासून करावा. त्यात तारीख आणि प्रायोजकाचे बोधचिन्ह एवढेच असावे, आणि बोधचिन्ह तारखेपेक्षा मोठे असावे. खेळाचा प्रकार कोणता, टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, कोणती, हँडिकॅपचा, म्हणजे कमी कुवतीच्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा, किती हिस्सा मिळणार, कार्डे केव्हापर्यंत स्वीकारणार, बरोबरी झाली तर काय, असल्या बारीकसारीक गोष्टींनी फलकावरची जागा अडवू नये. विशेषतः बरोबरीचा प्रश्न मोकळाच ठेवावा. दोघांचे निव्वळ फटके, म्हणजे हँडिकॅप वजा जाता उरलेले, सारखे झाले तर फेरीच्या अठरा होल्सपैकी शेवटची नऊ पाहावीत, तीही सारखी निघाल्यास शेवटची सहा, मग तीन, मग अठरावे, अशी सर्वत्र रूढ पद्धत आहे आणि ती आधी जाहीर केली की वादाला जागाच उरत नाही. वादच नसेल तर सचिवाची गरज काय? त्यापेक्षा दोन्ही कार्डे घेऊन बंद खोलीत बसावे. शेवटच्या नऊ होल्सवर अमुक जिंकत असतील आणि कमी हँडिकॅपवर तमुक, तर दोघांपैकी पुढील निवडणुकीत कोणाचे मत उपयोगी पडेल याचा विचार करून पद्धत निवडावी. सगळ्या चौकड्या एकाच वेळी वेगवेगळ्या होल्सवरून सोडल्या असतील, म्हणजे शॉटगन स्टार्ट असेल, तर आपले काम आणखी सोपे होते. सातव्या होलवरून निघालेल्या माणसाची ‘शेवटची नऊ होल्स’ कोणती? अशा वेळीही दहा ते अठरा हीच होल्स धरावीत अशी शिफारस आहे. ती आपण वाचली आहे हे कोणाला कळू देऊ नये.

आता हँडिकॅपकडे वळू, कारण हौशी गोल्फमधील न्याय आणि अन्याय दोन्ही इथेच मुक्कामाला असतात. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाली आणि त्यापूर्वीच्या सहा निरनिराळ्या पद्धती तिच्यात विलीन झाल्या. खेळाडूच्या अलीकडच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ फेऱ्यांची सरासरी, मैदानाच्या अवघडपणाचा हिशेब धरून, त्याचा हँडिकॅप इंडेक्स ठरवते. म्हणजे हा आकडा माणूस सहसा कसा खेळतो ते सांगत नाही, तो चांगला खेळला तर कसा खेळतो ते सांगतो. या पद्धतीचा पायाच असा की चांगली असोत वा वाईट, सगळी कार्डे नोंदवली गेली पाहिजेत. आपण सभासदांवर अशी सक्ती करू नये. सरावाच्या दिवशी शहाऐंशी फटके झाले तर कार्ड खिशात विसरते आणि अठ्ठ्याण्णव झाले तर त्याच संध्याकाळी नोंदले जाते, हा मानवी स्मरणशक्तीचा स्वाभाविक दोष आहे. त्याकडे सहानुभूतीने पाहावे.

अशा विस्मरणशील सभासदाला इंग्रजी बोलणारे लोक सँडबॅगर म्हणतात. प्रत्येक क्लबात तो असतोच. वर्षभर तो बावीस हँडिकॅपला न्याय देत चाचपडत खेळतो, पाठीच्या दुखण्याविषयी ऐकवतो, आणि वार्षिक चषकाच्या दिवशी ऐंशी फटक्यांत घरी येतो. एखादी फेरी हँडिकॅप इंडेक्सपेक्षा सात किंवा अधिक अंकांनी सरस ठरली तर इंडेक्स एका अंकाने, आणि दहा किंवा अधिक अंकांनी सरस ठरली तर दोन अंकांनी आपोआप खाली येतो, अशी तरतूद पद्धतीतच आहे. शिवाय खेळाडूच्या खऱ्या कुवतीशी आकडा जुळत नसेल तर त्याचा फेरविचार करण्याचा अधिकारही समितीला आहे. हा अधिकार आपण कपाटात कुलूपबंद ठेवावा. फेरविचार केला तर एक माणूस रागावतो. न केला तर साठ माणसे रागावतात, पण ती एकमेकांजवळ कुरकुरतात आणि आपल्यासमोर हसतात. उलट्या जातीचाही एक सभासद असतो, जो केवळ प्रतिष्ठेपायी नऊ हँडिकॅप मिरवतो आणि पंधरासारखा खेळतो. त्याला कधीही दुखवू नये. तो प्रवेशशुल्क भरतो, कधीच जिंकत नाही, आणि हरण्याचा दोष दर वेळी होलजवळ चेंडू ढकलायच्या नव्या पुटरला देतो. स्पर्धेचा खरा आधारस्तंभ तोच.

सांघिक प्रकारांत सगळ्यांना पूर्ण हँडिकॅप देऊन औदार्य दाखवावे. फेरीतले सगळे फटके मोजण्याच्या वैयक्तिक स्ट्रोक प्लेसाठी पंचाण्णव टक्के आणि जोडीतला चांगला चेंडू मोजण्याच्या फोर-बॉल स्ट्रोक प्लेसाठी पंच्याऐंशी टक्के अशी शिफारस आहे, आणि तिच्यामागे कारणही आहे: जास्त हँडिकॅपचा खेळाडू एका होलवर आठ आणि पुढच्यावर चार मारतो, त्याचे आठ जोडीदार झाकून टाकतो आणि चार मात्र हँडिकॅपच्या फटक्यासकट मोजले जातात. कारण कळले की मजा जाते, म्हणून ते बाजूला ठेवावे. चौघांच्या स्क्रॅम्बलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मारून दर वेळी उत्तम चेंडूच्या जागेवरून पुढे खेळायच्या प्रकारात, तर औदार्याला सीमाच नाही. तिथे सर्वांत कमी हँडिकॅपच्या पंचवीस टक्क्यांपासून वीस, पंधरा आणि सर्वांत जास्त हँडिकॅपच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरत जाणारी विभागणी सुचवलेली आहे. आठ, चौदा, वीस आणि सव्वीस हँडिकॅपचे चौघे एकत्र आले तर त्यांच्या वाट्याला १०.४, म्हणजे दहा फटके येतात. आपण सरळ सरासरी काढावी. ती सतरा येते. सात फटक्यांची ही भेट मिळालेला संघ आपल्याला कधी विसरणार नाही, आणि बाकीचे संघही विसरणार नाहीत.

खेळाचा प्रकार निवडताना नवशिक्यांच्या आनंदाचा विचार मनात येईल. तो दाबून टाकावा. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या गुणपद्धतीची पहिली स्पर्धा १९३२ साली इंग्लंडमधील वॉलसी क्लबात झाली. होलसाठी अपेक्षित फटके म्हणजे पार, त्याला दोन गुण, एक फटका कमी म्हणजे बर्डी, तिला तीन, एक जास्त म्हणजे बोगी, तिला एक, आणि त्याहून वाईट खेळलात तर शून्य घेऊन चेंडू उचला व पुढे चला, अशी ही सुटसुटीत व्यवस्था आहे. तिच्यामुळे एका होलवर झालेला सत्यानाश उरलेला दिवस गिळत नाही. इतकी करुणा खेळाला शोभत नाही. तीस हँडिकॅपच्या सभासदाला सर्वांत मागच्या टीवरून स्ट्रोक प्ले खेळायला लावावे आणि तिसऱ्या होलवरचा तेरावा फटका त्याने मोठ्याने मोजावा अशी व्यवस्था करावी. मागचीच टी का, असे कोणी विचारले तर प्रायोजकाचा फलक तिथे लावला आहे, हे उत्तर पुरेसे आहे.

मैदानाच्या मांडणीत आपली कलात्मकता ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, प्रकट व्हावी. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि तो बदलण्याची दुर्दैवाने परवानगी नाही, परंतु तो कुठे खोदायचा हे आपल्याच हाती आहे. ग्रीनच्या कडेपासून किमान चार पावले आत, आणि भोवतालचा दोन-तीन फुटांचा भाग शक्य तितका सपाट, हा प्रचलित संकेत भित्र्या लोकांसाठी आहे. काही जागा सोप्या, काही मध्यम आणि काही अवघड ठेवून अठरा होल्सचा तोल सांभाळतात, तेही तसलेच. आपण अठराही होल्स उताराच्या कपाळावर ठेवावीत, म्हणजे वरून हलकेच ढकललेला चेंडू होलला वळसा घालून थेट खाली जाईल आणि खालून जोरात मारलेला चेंडू मारणाऱ्याच्या पायाशी परत येईल. दूरदर्शनवर व्यावसायिक खेळाडू अशाच ग्रीनवर खेळतात, असे सांगावे. ते चारऐवजी दोनदाच पट करतात, म्हणजे दोनदा ढकलून चेंडू होलमध्ये घालतात, हे सांगू नये.

याच कारागिरीतून पुढचा आनंद जन्माला येतो, तो म्हणजे वाट पाहण्याचा. समजा एकशे वीस खेळाडू, म्हणजे तीस चौकड्या, एकाच टीवरून सोडायच्या आहेत. दहा-दहा मिनिटांनी सोडल्या तर पहिल्या आणि शेवटच्या चौकडीत चार तास पन्नास मिनिटांचे अंतर पडते. सात मिनिटांनी सोडल्या तर ते तीन तास तेवीस मिनिटांवर येते, म्हणजे कागदावर तब्बल ८७ मिनिटे वाचतात. कार्यकारिणी खूश होते. आता पहिल्या पार-तीन, म्हणजे टीवरून थेट ग्रीन गाठायच्या, होलवर जाऊन उभे राहावे. तिथे एक चौकडी ग्रीन रिकामे करीपर्यंत दुसरीला मारता येत नाही, आणि आपल्या उताराच्या होलवर चौघांना पट करून बाहेर पडायला दहा मिनिटे सहज लागतात. दर सात मिनिटांनी एक चौकडी येणार आणि दर दहा मिनिटांनी एक जाणार, म्हणजे प्रत्येक चौकडीमागे तीन मिनिटांची थकबाकी साचत जाणार. तिसाव्या चौकडीपर्यंत ती एकोणतीस गुणिले तीन होते. सकाळी वाचवलेली ८७ मिनिटे पै न्‌ पै तिथेच परत मिळतात. हिशेबाला इतका चोख व्यवहार क्लबाच्या ताळेबंदातही आढळत नाही.

मंद खेळावरचे उपाय माहीत असूनही न वापरण्यात संयम लागतो. २०१९ च्या नियमबदलात हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली, पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा अशी शिफारस झाली, आणि स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्याने सुरक्षित असल्यास आधी खेळावे याला नियमांनीच प्रोत्साहन दिले. यातले काहीही चौकड्या सोडणाऱ्या स्टार्टरने पहिल्या टीवर बोलून दाखवू नये. संथ खेळणाऱ्यांना ताकीद द्यायची झालीच, तर ती नेहमी त्यांच्या मागच्या चौकडीला द्यावी, कारण ती जागच्या जागी उभी असते आणि सापडायला सोपी जाते.

स्थानिक नियमांबाबत फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते लिहायचेच नसतात. पावसानंतर चेंडू उचलून, पुसून ठेवता येईल का, आणि येत असेल तर सहा इंचांत की एका गोल्फस्टिकच्या लांबीत, केवळ फेअरवेच्या कापलेल्या गवतावर की रफच्या उंच गवतातही, हे प्रत्येक चौकडीने आपापल्या सदसद्विवेकाला विचारावे. नियमाबद्दल शंका असेल तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन चेंडूंनी होल पूर्ण करण्याची मुभा आहे. कोणता चेंडू धरला जावा हे खेळाडूने आधी सांगायचे असते आणि कार्ड देण्यापूर्वी घडलेली हकीकत समितीला कळवायची असते. अशी हकीकत घेऊन कोणी आले तर नियमपुस्तक उघडण्याची घाई करू नये. प्रथम कोणत्या चेंडूवर कमी फटके झाले ते विचारावे, मग विचारणारे कोण आहेत ते पाहावे. निर्णय आपोआप सुचतो.

स्कोअरकार्डांची तपासणी हा या पदाचा खरा मानाचा भाग. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो, जास्त लिहिले असतील तर ते तसेच राहतात. बेरीज मात्र समितीने करायची असते. १९६८ साली मास्टर्स या मोठ्या अमेरिकन स्पर्धेत रोबेर्तो दे व्हिसेंझो यांनी सतरावे होल तीन फटक्यांत संपवले, त्यांचे फटके नोंदणारा मार्कर टॉमी आरन याने चार लिहिले, दे व्हिसेंझो यांनी न पाहता सही केली आणि बॉब गोल्बीशी झालेली बरोबरी एका फटक्याने हुकली. जगभर पाहिलेला चेंडू एकीकडे आणि कार्डावरचा आकडा दुसरीकडे असूनही त्या समितीने नियमच पाळला. आपल्याकडे इतका कोरडेपणा नको. इथे जास्त लिहिलेला फटका कॅप्टनांचा असेल तर ती लेखनिकाची चूक मानावी, आणि मागच्या सभेत हिशेब मागणाऱ्या सभासदाचा असेल तर दे व्हिसेंझो यांची गोष्ट त्याला सविस्तर सांगावी.

बक्षीस समारंभ वेळेवर सुरू करावा, कारण प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचे असते. शेवटच्या तीन चौकड्या अजून मैदानावर असतील; पार-तीनवर साचलेली थकबाकी त्यांच्याकडूनच वसूल झालेली असते. बावीस हँडिकॅपवाले सद्‌गृहस्थ पाठीवर हात ठेवून चषक स्वीकारतात, छायाचित्र निघते, टाळ्या होतात. अंधार पडल्यावर तिसाव्या चौकडीतील एक तरुण सभासद चिखलाळलेल्या बुटांनी आत येतो आणि चषकविजेत्यापेक्षा एक फटका कमी असलेले, व्यवस्थित सही केलेले कार्ड आपल्यासमोर ठेवतो. गडबडून जाऊ नये. कार्डे केव्हापर्यंत स्वीकारणार हे सूचनापत्रकात आपण लिहिलेले नाही, तिथली जागा मोकळी आहे आणि पेन आपल्या खिशात आहे. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे, त्यातून वीस मिनिटे वजा करावीत आणि ठळक, सुवाच्य अक्षरांत वेळ लिहावी.