हात पोचत नसेल तर ट्विनसेट नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्कूबा डायव्हिंग करताना मानेमागे हात नेऊन स्वतःचे तिन्ही व्हॉल्व्ह (दोन सिलिंडरचे दोन आणि मधला एक) स्वतःला बंद करता येत नसतील तर पाठीवर ट्विनसेट, म्हणजे एकमेकांना जोडलेले हवेचे दोन सिलिंडर, चढवू नये, हे माझं म्हणणं आखडलेल्या खांद्यामुळे तुम्हाला 'पन्नाशीपुढच्यांना हाकलून लावणारं' वाटलं. शिवाय 'मग बडी (पाण्यातला जोडीदार) कशाला असतो?' असंही तुम्ही विचारलंय.

आधी बडीचं बोलू. तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरशरच्या स्टोनी कोव्हला, त्या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत, डायव्हिंगला जाता, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येतं, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासापुरती तोंडात सोडणारं साधन) गोठतो आणि हवा भसाभसा सुटायला लागते. १२ लिटरच्या दोन सिलिंडरमध्ये २३२ बार दाबाला साधारण ५५०० लिटर हवा मावते. दोन सिलिंडरमधला व्हॉल्व्ह (आयसोलेटर) उघडा असल्यामुळे एकाच बिघडलेल्या रेग्युलेटरवाटे ती सगळीच जाऊ शकते, तीही काही मिनिटांत. तोंडातला रेग्युलेटर ज्यावर असतो तो उजवा व्हॉल्व्ह वेळेत बंद केलात आणि गळ्यातला दुसरा, राखीव रेग्युलेटर तोंडात घेतलात, तर दोन्ही सिलिंडरमधली उरलेली हवा तुमचीच. १५० बार उरले असतील तर ३६०० लिटर. ३० मीटरवर शांतपणे श्वास घेणाऱ्याला पाऊण तास पुरेल एवढी. ट्विनसेटचं ओझं आपण वाहतो ते ह्यासाठीच. बडीने तुमच्याकडे बघायचं, जवळ यायचं, बुडबुड्यांच्या गर्दीतून नेमका नॉब शोधायचा... करू दे की, पण तोवर तुमचा हात तिथे पोचलेला हवा.

रेक डायव्हिंगमध्ये, म्हणजे बुडालेल्या जहाजांवर डाइव्ह करताना, आणखी एक भानगड असते. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लोमध्ये १९१९ साली जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौका आहेत. तसल्या जहाजात शिरून पुढे सरकताना डावा नॉब छताला घासला, तर तो बंद होण्याच्या दिशेने फिरतो. (उजवा उघडण्याच्या दिशेने फिरतो, त्याचा त्रास नाही.) आणि राखीव रेग्युलेटर नेमका डाव्यावर असतो! म्हणून छताला धक्का लागला की हात मागे नेऊन चाचपायचं, ही सवय.

आता खांद्याचं. माझ्या मते बहुतेकांचा खांदा ठीक असतो, ट्विनसेट चुकीचा बांधलेला असतो. डोकं मागे टाकल्यावर मॅनिफोल्डला (दोन सिलिंडर जोडणाऱ्या नळीला) जेमतेम टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर सिलिंडरभोवतीचे पट्टे सैल करून सिलिंडर दोनेक सेंटिमीटर वर घ्या. तोल डोक्याकडे जाईल, कमरेचं वजन थोडं पायांकडे सरकवा. खांद्यावरचे पट्टे आवळून घेण्याची खोड सोडा. हात नेताना कोपर बाजूला फाकवू नका, कानाजवळून पुढे रोखा. काखेत कापड ताणलं तर ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखात) थोडी हवा भरा. तरी अडलं तर दुसऱ्या हाताने सिलिंडरचं बूड वर ढकला. आणि हे सगळं पाण्यात आडवं होऊन करून बघा. जमिनीवर उभं राहून बघितलंत तर सगळा भार खाली ओढतो आणि उगाच निराश व्हाल.

तुमच्यासारखा खांदा खरंच आखडलेला असेल, तर साइडमाउंट आहे, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही बाजूंना लटकवायचे. त्यात व्हॉल्व्ह काखेपाशी, डोळ्यांसमोर असतात. बोटीवर जरा कटकट होते, पण वयाचा प्रश्न मिटतो. आणि तुम्ही नवा ड्रायसूट मापाने शिवून घेणार म्हणालात ना? माप देताना दोन्ही हात मानेमागे नेऊन उभे राहा, पाठीत जागा ठेवायला सांगा आणि आत थंडीतले जाड कपडे घालूनच जा.