जबरदस्तीचा तलाक आणि व्हॉट्सॲपवरचं 'एकमत'

सध्या एक मजकूर फिरतोय: 'नवऱ्याच्या मानेवर सुरी ठेवून तलाक वदवून घेतला, तरी इस्लामी कायद्यात तो लागू होतो. चारही इमामांचं यावर एकमत आहे, कुरआनचा आदेश आहे आणि भारतातली कोर्टंही तेच मानतात.'

आधी एकमत पाहू. सुन्नींच्या चार मजहबांपैकी (चार इमामांच्या नावानं चालणाऱ्या कायद्याच्या परंपरांपैकी) मालिकी, शाफई आणि हंबली असा तलाक मानत नाहीत. शियाही मानत नाहीत. मानतात ते हनफी. आणि ज्या चार इमामांच्या नावावर हे एकमत खपवलं जातंय, त्यांच्यातल्या इमाम मालिकांनी तर नेमक्या उलट मतापायी मदिनेत फटके खाल्ले. तेव्हा खलिफा मन्सूरची सत्ता होती. निष्ठेच्या शपथेत 'शपथ मोडली तर माझ्या बायकोला तलाक' असं लोकांकडून वदवून घेत. जबरदस्तीचा तलाक तलाकच नव्हे, असं मालिक सांगत राहिले, तर शपथही पोकळ ठरत होती. सुभेदाराला ते झोंबलं. कोकणातले मुसलमानही बहुतांश शाफई. रत्नागिरीच्या ग्रुपवर हा मजकूर टाकणाऱ्यानं निदान शेजारी तरी विचारायचं!

कुरआनात तसा आदेश कुठेच नाही. उलट सूरह नहलच्या 106 व्या आयतीत, मन श्रद्धेवर स्थिर असताना जबरदस्तीनं कुफ्र (श्रद्धा नाकारणारे शब्द) बोलावं लागलेल्याला दोषातून वगळलंय. कुफ्राचे शब्द माफ होतात, तर तलाकाचे का नाहीत, असा जबरदस्तीचा तलाक न मानणाऱ्यांचा सवाल आहे. 'इग्लाकमध्ये तलाक नाही' ही पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांकडून आलेली हदीसही (पैगंबरांचं वचन) ते पुढे करतात. इग्लाक म्हणजे कोंडी, जबरदस्ती, असा अर्थ ते लावतात.

हनफींनाही उगाच खलनायक करू नये. त्यांचं म्हणणं असं: धमकीखालचा माणूस दोन संकटांतलं हलकं निवडतो. तो राजी नसतो, पण शब्द उच्चारायचे की नाही हे ठरवतो तोच. निकाह, तलाक आणि रजअत (तलाकानंतर बायकोला परत घेणं) थट्टेत केली तरी खरीच धरली जातात, या हदीसवरही त्यांची भिस्त आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. थट्टा करणाऱ्याला कुणी मारत नसतं. पण गंमत पुढे आहे. मारहाण करून तलाकनामा लिहून घेतला आणि नवरा तोंडानं काहीच बोलला नाही, तर तो तलाक हनफी फतव्यांतही लागू होत नाही. लेखन बोलण्याची जागा गरजेपुरती घेतं, आणि इथे ती गरज नाही. म्हणजे हनफींमध्येही 'सुरी ठेवली की संपलं' असं नाही.

कोर्टांत हनफी मत चालवणाऱ्या इजिप्तनंही 1929 च्या 25 क्रमांकाच्या कायद्यानं जबरदस्तीचा तलाक रद्द ठरवला.

राहिली कोर्टं. इंग्रजी अमदानीत हनफी पक्षकारांना हनफी मत लावलं गेलं, हे खरं. पण 2002 च्या शमीम आरा निकालात सर्वोच्च न्यायालयानं तलाकाला वाजवी कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न हवा, असं सांगितलं. सुरीखाली यातलं काय होणार? आणि तो एका दमातला तिहेरी तलाक असेल, तर 2019 च्या कायद्यानं तो मुळातच रद्दबातल आहे, मग नवरा राजीखुशीनं बोललेला असो की घाबरून.