फॉर्म ग्रुपवर टाकला म्हणजे नमुना ‘यादृच्छिक’ होत नाही

लघुप्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की ‘संख्यात्मक संशोधन ७ दिवसांत’ हा मेसेज फिरू लागतो. यंदा तो एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीने पाठवला, खाली ‘मामा, असंच करायचं ना?’ अजिबात नाही.

मेसेज थोडक्यात असा: गुगल फॉर्म पाच-सहा ग्रुपवर टाका, झाली यादृच्छिक नमुना निवड. नमुना समष्टीच्या (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांच्या) १० टक्के घ्या, नाहीतर सरळ ३८४ लिहा. अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७ च्या वर गेला की प्रश्नावली प्रमाणित. सगळ्या चलांचे (मोजलेल्या गोष्टींचे) सहसंबंध काढा आणि ज्यावर तारा (पी ०.०५ पेक्षा कमी असल्याची सॉफ्टवेअरची खूण) येईल त्यावर परिकल्पना, म्हणजे तपासायचा अंदाज, लिहा. पी (प्रत्यक्षात संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा संबंध दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आला की परिकल्पना सिद्ध.

पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक आहे. यादृच्छिक म्हणजे ‘जो सापडेल तो’ नव्हे. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी असली पाहिजे आणि ती किती, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. ग्रुपवरचा फॉर्म कोण भरतं? ज्याच्याकडे डेटा आहे, वेळ आहे आणि तुमच्याबद्दल थोडी आस्था आहे तो. विषय ‘ऑनलाइन शिक्षणाबद्दलचा दृष्टिकोन’ असेल, तर ज्यांचं मत खरोखर वेगळं असणार तीच मुलं बाहेर राहिली.

आणि संख्या वाढवून हे दुखणं बरं होत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये पीक कापणीच्या नमुना पाहणीबद्दल लिहिलं होतं. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कारण साधं आहे. तुकड्याच्या कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात ती आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड प्रमाणाने मोठी. असे हजार तुकडे कापले तरी चूक एकाच बाजूला साचत जाते. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेली असतानाही माणसाचा हात इतका घोळ घालतो, तर ग्रुपवरच्या फॉर्मचं काय घेऊन बसलात!

मग करायचं काय? कार्यालयातून नावांची यादी मिळवा. समजा १२०० विद्यार्थी आहेत: कला ६००, वाणिज्य ४२०, विज्ञान १८०. नमुना २९१ ठरला (कसा, ते पुढे), तर शाखेच्या प्रमाणात १४५, १०२ आणि ४४ नावं येतात. एक्सेलमध्ये प्रत्येक शाखेची यादी वेगळी ठेवा, शेजारच्या स्तंभात =RAND() हे यादृच्छिक आकडे देणारं सूत्र भरा, आलेले आकडे कॉपी करून फक्त किंमत म्हणून पेस्ट करा (नाहीतर प्रत्येक वेळी आकडे बदलतात आणि निवड पुन्हा दाखवता येत नाही), मग क्रम लावून वरची तेवढी नावं उचला. निवडलेला मुलगा गैरहजर असेल तर आणखी दोनदा जा. त्याच्या बाकावरच्या शेजाऱ्याला फॉर्म देऊ नका. २९१ पैकी २३८ मिळाले तर २३८ लिहा, उरलेले ५३ कोणत्या शाखेचे तेही लिहा. हे जमणार नसेल तर ‘सोयीस्कर नमुना’ असं स्वच्छ लिहा आणि निष्कर्ष फॉर्म भरणाऱ्यांपुरता ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

३८४ मध्ये अर्धं तथ्य आहे, हे कबूल करावं लागेल. ९५ टक्के विश्वास, ५ टक्के चूक आणि प्रमाण ०.५ धरलं तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४.१६. पण हा आकडा मोठ्या समष्टीचा आहे आणि नमुना यादृच्छिक असेल तरच लागू. समष्टी १२०० असेल तर २९१ पुरतात, २०० असेल तर १३२ लागतात. १० टक्क्यांचा नियम मात्र निव्वळ भाकड: २०० मध्ये २० जण अपुरे, लाखात दहा हजार विनाकारण.

ताऱ्यांच्या शिकारीबद्दल एवढंच. एकमेकांपासून स्वतंत्र अशा २० चाचण्या केल्या आणि प्रत्यक्षात कुठेच संबंध नसला, तरी निदान एक तारा येण्याची शक्यता ६४ टक्के. तो आल्यावर परिकल्पना लिहिणं म्हणजे आधी बाण मारून मग भोवती वर्तुळ काढणं. परिकल्पना सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या सुरुवातीच्या आराखड्यात) असते, तिथेच राहू द्या. पी म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात स्पष्ट म्हटलंय. ४०० जणांत सहसंबंध ०.१ आला तरी तारा लागतो, आणि एका चलातल्या चढउतारापैकी दुसऱ्यावरून समजतो तो फक्त १ टक्का. म्हणून पीच्या शेजारी सहसंबंधाचा आकडाही छापा.

राहिला अल्फा. विधानं वाढवली की तो आपोआप फुगतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.२ इतका किरकोळ असला तरी १० विधानांना ०.७१ येतो, २० ना ०.८३. तो सुसंगती सांगतो, तुम्हाला हवं तेच मोजलं गेलं की नाही हे सांगत नाही. उलट तो एकदम घसरला किंवा ऋण आला, तर आधी नकारार्थी विधानांचे गुण उलटवलेत का ते बघा. पाच बिंदूंच्या (१ ते ५) श्रेणीत उलटा गुण म्हणजे ६ वजा मिळालेला गुण. आणि ‘ग्रंथालय व इंटरनेटची सोय समाधानकारक आहे’ असलं जोडविधान असेल तर ते तोडून दोन करा. ग्रंथालय चांगलं पण इंटरनेट बंद असलेल्या मुलाने खूण कुठे करायची?